सुमनचे पेले, मार्थाची साखळी

राजोडीच्या त्या वाटेवरून जाणारा माणूस इझाबेलच्या घरी चहा न घेता पुढे गेला, तर तो एक तर बहिरा असायचा, नाहीतर तिच्याशी भांडलेला. तिसरं कारण संभवतच नव्हतं. ओट्यावर उभी राहून बाई अशी हाक मारायची की शेजारच्या वाडीतल्या केळीवरचे कावळे उडून जायचे. एकदा माणूस आत आला की चहा, चहाबरोबर उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, आणि जेवायची वेळ असेल तर भात-कालवण. घरात काय आहे नि काय नाही हे पाहुण्याला कळता कामा नये, हा तिचा कायदा. तो तिला आईकडून मिळाला होता, आईला तिच्या आईकडून, आणि त्या तिघींपैकी कुणी तो मोडल्याचं आख्ख्या किनाऱ्यावर कुणी ऐकलं नव्हतं.

तो कायदा इझाबेलने मोडला. तेव्हा तिच्या मुलीचं कॉलेज पणाला लागलं होतं, म्हणून मोडला. उगीच नाही.

साल एकोणऐंशी. आदल्या वर्षी इझाबेलचा नवरा अँथनी नारळावरून पडला आणि कमरेतून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, जिवावरचं कमरेवर निभावलं, पण आता वाडीतलं काम विसरा. अँथनी खाटेवर बसून नारळाच्या हिरांचे खराटे बांधायला लागला आणि वाडी इझाबेलच्या अंगावर आली. भाजी ती पिकवायची आणि आगाशीच्या बाजारात तीच विकायची. पण दवाखान्याने घर धुऊन नेलं होतं. आधी सोनं गेलं. मग लग्नात आलेली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली, तीसुद्धा कशी, तर टोपलीत तळाला भांडं आणि वर माठाच्या जुड्या! बाजाराला निघालेल्या इझाबेलला बघून लोक म्हणायचे, यंदा माठ काय जोरात आलाय हिचा! ती म्हणायची, देवाची कृपा.

मुलगी सालोमी वसई रोडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात वर्गात पहिली आली. प्रयोगशाळेतल्या कसल्याशा औषधाचे काळे डाग तिच्या बोटांवर असायचे, आणि ते घासून काढ म्हटलं की ती हसायची. आठवडाभराने आपोआप जातात म्हणायची, पण जायच्या आत नवे पडलेले असायचे. आता दुसऱ्या वर्षाची फी जुलैअखेर भरायची होती. नाही भरली तर नाव कमी. इझाबेलने घरात नजर फिरवली, तर माठाखाली लपवून नेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मार्ग दाखवला फादर मार्सेलनी. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी मायलेकींना थांबवून सांगितलं, की वांद्र्याला एक ट्रस्ट आहे, हुशार पण गरीब मुलांची फी भरतो, पुस्तकांचंही बघतो. अर्ज मी देतो, तुम्ही तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणा. ‘गरीब’ हा शब्द ऐकल्याबरोबर इझाबेलचं तोंड कडू झालं. पण फादरांना काय बोलणार? त्याचं उट्टं तिने तलाठ्याच्या कचेरीत काढलं.

तलाठ्याने सगळं विचारून दाखल्यावर आकडा लिहिला. इझाबेलने सालोमीला वाचायला लावला आणि ऐकताच स्वतः उठून उभी राहिली.

“तलाठीभाऊ, अठराशे? वर्षाचे? आणि हे तुम्ही शिक्का मारून देणार? लोक काय म्हणतील! सहा हजार तरी करा.”

तलाठ्याने पेन खाली ठेवलं. “बाई, नोकरीत केस पिकले माझे. आकडा खाली आणा म्हणून पाया पडणारे रोज बघतो. वर न्या म्हणणारी तुम्ही पहिली.”

“मग पहिलीचं तरी ऐका!”

“आई!” सालोमीने मागून तिचं लुगडं असं ओढलं की निऱ्या सुटायच्या बाकी राहिल्या. “अठराशेच राहू द्या, साहेब. तेवढेच आहेत.”

परतताना इझाबेल लेकीच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. घरी आल्यावर मात्र अँथनीला सगळं सांगून म्हणाली, तुमच्या लेकीने आज मला कचेरीत उघडं पाडलं. अँथनी खराटा बांधता बांधता म्हणाला, “लेकीने नाही, नारळाने पाडलं. आणि मला पाडलं. तुझा तोरा अजून झाडावरच आहे.”

अर्ज गेला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फादर निरोप घेऊन आले. येत्या रविवारी दुपारी ट्रस्टचे प्लासिड सर चौकशीला येणार. घर बघणार, माणसांशी बोलणार आणि मग ठरवणार.

आता चौकशी म्हणजे काय, हे फादरांनी नीट समजावून सांगितलं होतं हो! पण इझाबेलच्या कानात एकच गोष्ट शिरली, की रविवारी घरी पाहुणा येणार. वांद्र्याहून! आणि घरात त्याला पाणी द्यायला एक पोचे पडलेला जर्मनचा पेला सोडून धड भांडं नाही. मग बाई कामाला लागली. समोरच्या वाडीवाल्या नरहरी पाटलांच्या घरी गेली आणि त्यांच्या बायकोकडून, सुमनकडून, चार खुर्च्या, टेबल, स्टीलची ताटं, सहा पेले आणि रेडिओ मागून आणला. गावात लग्न असो की बारसं, वस्तू अशाच फिरायच्या. सुमनने का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. शेजारच्या मार्थाने भरतकामाचा टेबलक्लॉथ दिला. मार्था म्हणजे इझाबेलची लहानपणापासूनची मैत्रीण, दोघी एकाच विहिरीवर भांडत मोठ्या झालेल्या. टेबलक्लॉथ देताना तिने इझाबेलकडे वरून खाली बघितलं, हात मागे नेले आणि स्वतःच्या गळ्यातली सोन्याची साखळी काढून तिच्या गळ्यात घातली.

“मी मागितली का?” इझाबेल म्हणाली.

“नाही मागितलीस. पण रिकामा गळा बघून तो माणूस काय म्हणेल?”

सालोमी हे सगळं बघून रडकुंडीला आली. “आई, अगं ते आपली गरिबी बघायला येतायत! सोयरीक जमवायला नाही!”

“गरिबी ही काय चारचौघांत मांडायची चीज आहे?” इझाबेल कडाडली. “भिकारडं घर बघून मदत करतील ते? माणूस घराणं बघतो, चालरीत बघतो. तू रसायनं बघ, हे मला शिकवू नकोस.”

रविवारी प्लासिड सर आले. रिटायर झालेले शिक्षक, बारीक अंगाचे, हातात छत्री. इझाबेलने ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं. अँथनीला लग्नातला कोट घालून खुर्चीत बसवलं होतं आणि बजावलं होतं, की काहीही विचारलं तरी ‘देवाची कृपा’ एवढंच म्हणायचं. घरची बोली बाजूला ठेवून ती पुस्तकी मराठीत बोलायला लागली, तेव्हा अँथनीला हसू आवरेना. कोंबडीचं कालवण होतं, तांदळाच्या भाकरी होत्या, वर सुकेळी. त्यासाठी घरातली अंड्यावरची शेवटची कोंबडी गेली होती.

सर पोटभर जेवले. घर बघितलं. रेडिओकडे बघून म्हणाले, बातम्या लागल्या असतील, लावता का? इझाबेलने कुठलं तरी बटण पिरगाळलं आणि रेडिओ असा किंचाळला की अँथनीच्या हातातलं सुकेळं खाली पडलं. सालोमीने धावत जाऊन तो बंद केला. मग सरांनी अँथनीला विचारलं, “कसं चाललंय?”

“देवाची कृपा,” अँथनी म्हणाला.

“वाडी कशी आहे?”

“देवाची कृपा.”

सरांनी डायरी मिटली. आवाज मऊ होता त्यांचा, पण बोलले ते स्पष्ट. “बाई, इतकं छान जेवण फार दिवसांनी जेवलो. पण तुम्हाला अंधारात ठेवत नाही. ट्रस्टकडे अर्ज पुष्कळ आणि पैसा थोडा. काही घरांत मला बसायला पाटसुद्धा मिळत नाही. तुमचं घर खाऊनपिऊन सुखी दिसतंय. मुलगी हुशार आहे, तिचं तुम्हीच निभावून न्याल. मी तसं कळवतो.”

इझाबेलने सालोमीकडे बघितलं. वाटलं, आता पोरगी फुटेल, ओरडेल, सांगितलं होतं म्हणेल. सालोमी नुसती पुढे वाकली आणि सरांचं ताट उचलायला लागली. ताटाच्या कडेवर तिची बोटं, आणि त्या बोटांवरचे काळे डाग पार गेलेले. कॉलेज सुरू होऊन पंधरवडा झाला होता आणि फी भरेपर्यंत वर्गात बसू देत नाहीत म्हणून ती घरीच होती. नवे डाग पडलेच नव्हते. आणि हे आपल्याला आत्ता दिसतंय? आई म्हणवते मी? इझाबेलला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली.

सर छत्री शोधायला लागले.

“सर, बसा,” ती म्हणाली. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. “पाणी प्यायलात तो पेला उचला. त्याच्यावरचं नाव वाचा.”

सरांना काही कळेना. त्यांनी पेला तिरका करून वाचलं, “चिरंजीव रामू याच्या बारशानिमित्त, आत्याकडून सप्रेम भेट.”

“आमच्या घरात कुणी रामू नाही. तो समोरच्या सुमनबाईंचा मुलगा. आता ताट वाचा. सालोमी, ठेव ते खाली.”

“सौभाग्यवती सुमन नरहरी पाटील.”

“तुम्ही बसलाय ती खुर्ची तिचीच, टेबलही तिचं. रेडिओ तिचा, म्हणून तर मला लावता येत नाही. टेबलक्लॉथ शेजारच्या मार्थाचा, कालवणाचा डाग पडला तर माझा जीव घेईल ती.” बोलता बोलता तिने गळ्यातली साखळी काढली आणि टेबलावर ठेवली. “हीसुद्धा मार्थाची. तलाठ्याने अठराशे लिहिलेत ना, ते खरं आहे. माझ्या नावाची भांडी मोडीत गेली, सर. सगळी गेली. ह्या घरात माझं काही नाही.”

कोट घातलेला अँथनी खुर्चीतून म्हणाला, “नवरा तेवढा तिचा स्वतःचा आहे, सर. तोही मोडीतच निघालेला.”

सालोमीला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. इझाबेलही रडत होती, आणि पाहुण्यासमोर आपण रडतोय म्हणून तिला स्वतःचा पुन्हा राग येत होता. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “मग तुम्ही पाणी कशातनं पिता?”

इझाबेलने आतून तो जर्मनचा पेला आणला. पोचे पडलेला, एका बाजूला कलणारा. सरांनी त्यातून पाणी मागितलं आणि सगळा पेला रिकामा केला.

“हे मगाशी का नाही सांगितलंत, बाई? मी त्याचसाठी आलो होतो.”

“पाहुण्याला कोण सांगतं?” इझाबेल म्हणाली.

महिना संपायच्या आत मदत मंजूर झाल्याचं फादरांनी घरी येऊन सांगितलं. फी ट्रस्टने परस्पर कॉलेजात भरली, वर पुस्तकं दिली, आणि ती मदत बी.एड. होईपर्यंत चालू राहिली. पहिल्या आठवड्यातच सालोमीची बोटं काळी झाली. इझाबेलने ती घास म्हणून परत कधी सांगितलं नाही. दर वर्षी सुकेळ्यांची एक करंडी मात्र तिने वांद्र्याला पाठवली. फादर म्हणाले, अगं, ट्रस्टला असं काही द्यायचं नसतं. ती म्हणाली, ट्रस्टला कोण देतंय? त्या सरांना देतेय, किती वाळलेत ते!

सालोमी शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि पहिल्या पगारात तिने आईसाठी सहा स्टीलचे पेले आणले, प्रत्येकावर नाव घालून: इझाबेल अँथनी तुस्कानो. इझाबेलला वाचता येत नव्हतं, पण ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसायची. मग ते पेलेही गावात फिरायला लागले. कुणाचं लग्न, कुणाचा बाप्तिस्मा, सुमनकडची सत्यनारायणाची पूजा. मागितले आणि इझाबेलने दिले नाहीत असं झालं नाही.

एकदाच झालं. आणि ते मार्थाच्या बाबतीत झालं.

चौऱ्याऐंशी साल होतं. मार्थाचा नवरा मुंबईत गिरणीत होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तो घरी येऊन बसला. त्यांची विनी बारावीला पहिल्या वर्गात पास झाली होती. फादरांनी त्याच ट्रस्टचा अर्ज भरून घेतला आणि रविवारी चौकशीला माणूस यायचं ठरलं. शनिवारी मार्था पेले मागायला आली.

“नाही देणार,” इझाबेल म्हणाली.

मार्थाला आधी ही थट्टाच वाटली. “अगं, उद्या ते सर येतायत.”

“म्हणूनच नाही देणार. विनीच्या लग्नात ने, सहाच्या सहा ने. उद्यासाठी नाही. उद्या आहे तसं घर दाखव, मार्था. माझं काय होता होता राहिलं, सगळं सांगितलंय तुला.”

“तुझी गोष्ट वेगळी होती. तुला बोलता येतं. माझी जीभ टाळ्याला चिकटते.” मार्थाचा चेहरा लाल झाला. “मी गळ्यातली साखळी काढून दिली होती तुला. तू न मागता. आणि तू मला पेले देत नाहीस?”

मार्था तरातरा निघून गेली. थोड्या वेळाने इझाबेलला ओट्यावरून दिसलं, सुमनच्या घरातनं खुर्च्या निघून मार्थाकडे चालल्या होत्या. अँथनी म्हणाला, आयुष्यभराची मैत्रीण घालवलीस. ती म्हणाली, गप्प बसा. पण त्या संध्याकाळी तिला घास गोड लागला नाही.

रविवारी दुपारी ती जर्मनचा पेला पदराआड घेऊन मार्थाच्या मागच्या दाराने आत शिरली. बोलावणं नव्हतंच. पुढच्या खोलीत प्लासिड सर बसले होते, आणखी वाळलेले. टेबलावर सुमनची ताटं होती. सर काहीतरी विचारत होते आणि मार्था भिंतीकडे बघत म्हणत होती, “देवाची कृपा.” विनी कोपऱ्यात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

इझाबेलने पाण्याचा पेला सरांपुढे ठेवला. सरांनी पोचे बघितले. मग वर बघितलं.

“इझाबेलबाई! हा अजून आहे?”

“आहे ना. सर, तुमच्यापुढे मी एक साखळी काढून ठेवली होती. आठवतं?”

“आठवतं की.”

“ती हिची होती. मी मागितली नव्हती, हिने आपणहून माझ्या गळ्यात घातली.” इझाबेलचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “आज हिच्या गळ्याकडे बघा.”

मार्थाचा हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथे जपमाळेचा काळा दोरा होता. साखळी संपाच्या दुसऱ्या वर्षी गेली होती. मार्थाने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इझाबेलने तो रिकामा गळा पहिल्याच दिवशी बघून कधी विचारलं नव्हतं.

सरांनी सुमनचा चकचकीत पेला बाजूला सरकवला, पोचे पडलेल्या पेल्यातनं पाणी प्यायले आणि डायरी उघडली. “बोला, मार्थाबाई. सावकाश बोला.”

मार्थाने एकदा इझाबेलकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, लाज होती, सगळं होतं. मग ती खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली, आधी तुटक, मग धबधब्यासारखी. इझाबेल आली तशी मागच्या दाराने घरी गेली. पेला तिथेच राहिला.

मार्था तिच्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मिस्साला वेगळ्या बाकावर बसायला लागली. विनीची मदत मंजूर झाल्याची बातमीसुद्धा इझाबेलला सुमनकडून कळली. ती म्हणाली, झालं ना काम, मग मला काय करायचंय! आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

विनी पहिल्यांदा कॉलेजला निघाली त्या सकाळी मार्था तिला एस.टी.त बसवून त्याच वाटेने परत येत होती. हातात तो जर्मनचा पेला होता, राखेने घासून लखलखीत केलेला. इझाबेलने ओट्यावरून नेहमीसारखी हाक मारली. केळीवरचे कावळे उडाले. मार्था थांबली, आत आली आणि पेला खाली ठेवला.

इझाबेलने चहा केला. फळीवर तिच्या नावाचे सहा पेले ओळीने उभे होते. तिने त्यांना हात लावला नाही. चहा त्या पोचे पडलेल्या पेल्यात ओतला आणि मार्थापुढे ठेवला.

“एवढे चांगले पेले असताना मला ह्यात?” मार्था म्हणाली. कित्येक आठवड्यांनंतरचं तिचं हे पहिलं वाक्य.

“मग? तू काय पाहुणी आहेस?” इझाबेल म्हणाली.